बाबांची उधारीची वही मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीस

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

ताई, माझे बाबा श्रावणात गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ४१ वर्षं त्यांचं किराणा दुकान होतं. बाजाराच्या दिवशी दुपारपासून छातीत जळजळतंय म्हणत होते. गिऱ्हाईक होतं म्हणून उठले नाहीत, ओवा चावला, रात्री नऊला शटर ओढलं आणि पहाटे गेले. मी पुण्यात नोकरी करते, भाऊ नाशिकला असतो. आई ६१ वर्षांची आहे. गल्ल्याखालच्या कप्प्यात उधारीच्या सात वह्या निघाल्या. बेरीज केली तर ३ लाख ८६ हजार होतात. त्यातले लाखाच्या वर २०२० च्या टाळेबंदीतले आहेत. भाऊ म्हणतो, वकिलाकडून सगळ्यांना नोटिसा धाडू. दहाव्याच्याच दिवशी ठोक व्यापाऱ्याचा माणूस येऊन ९२ हजार येणं आहे म्हणून सांगून गेला. जागा भाड्याची आहे, मालकही घुटमळतोय. आई म्हणते, मी दुकानात बसते. भाऊ म्हणतो, सगळं विकून नाशिकला चल. मी दर रविवारी फोनवर बाबांना म्हणायचे, "बंद करा आता ते दुकान." शेवटच्या रविवारीही मी तेच म्हणाले. रोज चौदा तास बसून त्यांनी मिळवलं काय? ना पेन्शन, ना बंगला. त्यांचं आयुष्य वाया गेलं का, असं मनात येतं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. तेराव्याला एक अनोळखी म्हातारा आला होता. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसला, कुणाशी न बोलता निघून गेला. का कोण जाणे, तोच सारखा डोळ्यांसमोर येतो. आईला दुकानात बसू द्यायचं की नाही? आम्ही काय करावं?

उत्तर:

मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

आधी एक काम कर. हे पत्र पुढे वाचायच्या आधी भावाला फोन लाव आणि सांग, नोटिसा आत्ता नकोत. त्या वह्या आईने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुणाच्याही दारात कागद जाता कामा नये. बाकीचं सगळं सावकाश बोलू.

इतक्या घाईने का सांगते ते ऐक. माझे वडील, अप्पा, हेही किराणा दुकानदार. बार्शीला आमचं दुकान होतं. धान्याची, डाळीची मोठी पेठ, त्यात आमचं दोन फळ्यांचं दुकान म्हणजे काहीच नाही. ते अचानक गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. थोरल्या भावाने चौदाव्या दिवशी उधारीची वही काढली, यादी केली आणि पन्नासएक पोस्टकार्डं लिहिली. "आपणाकडून येणे बाकी रुपये अमुक, पंधरा दिवसांत भरावेत." मीच बसून पत्ते घातले. वहीत काही नावांपुढे अप्पांनी बारीक अक्षरात 'रा.' असं लिहिलेलं होतं. आम्हाला वाटलं, रामभाऊंच्या मार्फत दिलेला माल असेल. रामभाऊ आमच्याकडे हमाली करायचे.

आठ दिवसांनी एक बाई आली. गोदामाच्या मागच्या वस्तीतली. पदराच्या गाठीत साठ रुपये, नाणी जास्त आणि नोटा कमी. दुकानाच्या पायरीवर ते मोजायला लागली. आई आतून बाहेर आली, तिला बघून जागीच थांबली. मग वही मागितली, त्या बाईचं नाव शोधलं आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "अरे, हे 'रा.' म्हणजे 'राहू दे'. हिचा नवरा ट्रकखाली गेला तेव्हापासून ह्यांनी हिच्याकडे मागितलं नव्हतं." आई पैसे घेईना, ती बाई पैसे उचलेना. शेवटी आईने ते घेतले, तिच्यासमोर नावावर लाल रेघ ओढली आणि अर्धा किलो गूळ बांधून तिच्या पिशवीत घातला. ती गेल्यावर आई आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. तशी अकरा नावं होती. अकराही घरांत आमचं पोस्टकार्ड पोचलं होतं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

म्हणून सांगते, दुकानदाराची वही बँकेच्या पासबुकासारखी वाचता येत नाही. तिच्यात आकडा असतो, पण कुणाकडे कधी मागायचं, कुणाकडे बायकोसमोर मागायचं नाही, कुणाकडे मागायचंच नाही, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. अर्धं जोडीदाराच्या डोक्यात असतं. तुझी आई दुपारी बाबा जेवायला, पडायला जायचे तेव्हा गल्ल्यावर बसत असेल. बसतच असेल, प्रत्येक दुकानात तसंच असतं. वहीतली 'बोअरवाल्याची बायको', 'टेलर जुना', 'वरची नानी' ही माणसं कोण, हे तुला किंवा भावाला कळणार नाही, तिला कळेल.

सातही वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. मूळ वह्या आईकडेच असू देत. मग दोन-तीन रविवार गावी जा आणि आईशेजारी बस. घाईने बेरजा नको. ती एकेक नाव वाचेल आणि सांगेल, हा सुगीला देतो, ह्याला आठवण करून द्यावी लागते, ह्याची पोरगी गेल्या साली गेली. तू फक्त ऐक आणि समासात शिसपेन्सिलीने लिही. तुझ्या बाबांची ४१ वर्षं तुला कुणी सांगणार असेल तर ते ह्याच बैठकीत.

आता टाळेबंदीची उधारी. २५ मार्च २०२० पासून सगळं बंद झालं तेव्हा किराणा दुकानं चालू ठेवायची होती. तुझे बाबा त्या काळात रोज गल्ल्यावर होते, साठी ओलांडलेला माणूस, तोंडाला रुमाल बांधून. बांधकामं बंद, हॉटेलं बंद, पुण्या-मुंबईहून पोरं घरी परत आलेली, हातावर पोट असलेल्याच्या घरात पैसा नाही. तेव्हा रेशनचं धान्य मिळालं, पण तेल, मीठ, तिखट, साबण, चहापत्ती रेशनवर नव्हती. ती कुठून आली गं त्या घरांत? तुझ्या बाबांच्या वहीतून आली. एप्रिल, मे, जूनची पानं उघडून बघ, ओळी दाटीवाटीने असतील आणि रकमा छोट्या. पाव किलो तेल. दहाची चहापुडी.

त्या पानांवर कायदा तुमच्या बाजूने फारसा उरलेलाही नाही. उधार दिलेल्या मालाचे पैसे कोर्टात मागायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मधल्या काळात गिऱ्हाइकाने सहीनिशी बाकी मान्य केली असेल, किंवा काही रक्कम भरून तशी स्वतः नोंद करून सही दिली असेल, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात. पण गावच्या दुकानात सही कोण घेतो? शिवाय मेलेल्या माणसाचं येणं कोर्टातून वसूल करायचं तर वारसांना आधी वारसा प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याची फी, वकील, तारखा, आणि समोरच्याकडे बाकी ८४० रुपये. भावाला हे शांतपणे सांग. तो पैशाचा लोभी आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं नाही. बापासाठी काहीतरी करायचंय आणि हातात नोटीस हीच एक गोष्ट दिसतेय, असं वाटलं. बाजाराच्या दिवशी बाप छाती चोळत बसला होता आणि आपण नाशिकला होतो, हे त्याच्याही मनात असेल.

त्याबद्दल दोन वाक्यं लिहितेच, तुझ्यापेक्षा इतर वाचकांसाठी. दुकानदार, टपरीवाले, गिरणीवाले यांची ही जुनी खोड आहे, गिऱ्हाईक असताना दुखणं सांगायचं नाही. छातीत दाबल्यासारखं, जळजळल्यासारखं होत असेल, घाम फुटत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल तर ओवा आणि सोडा बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ती रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो.

वसुलीकडे येते. मागायचं, पण हंगाम बघून मागायचं. तुमच्याकडे सोयाबीन, कापूस. सोयाबीन विकून दिवाळीच्या आगेमागे घरात पैसा येतो, आणि जे देणारे आहेत ते तेव्हा स्वतःहून येतात. गावात माणूस गेला की त्याची उधारी ठेवणं पुष्कळांना जड जातं. "मेलेल्याचं देणं राहू नये" म्हणणारी माणसं अजून आहेत. आईने दुकान उघडून बसणं हीच निम्मी वसुली आहे, कारण बंद शटरला कुणी पैसे आणून देत नाही. जो येईल त्याच्यासमोर वहीत जमा लिहा, तारीख टाका, त्याची सही किंवा अंगठा घ्या आणि बाकी फिटली असेल तर रेघ ओढून त्याला दाखवा. कुणी म्हणालं, "मी तर मालकांना दिले होते," तर एकदा वही दाखवा. तरी तो तेच म्हणाला तर मानून घ्या आणि सोडून द्या. खोटं बोलला असेल तर ते त्याच्याकडे राहील. तेवढ्यासाठी आईने चौकात वाद घालू नये. ज्यांच्याकडे मागायचं नाही असं आई म्हणेल, त्यांची नावं भावाच्या यादीतून काढा. हे सगळं झाल्यावर हातात दीड लाख येतील की दोन, मला सांगता येणार नाही. पण ३ लाख ८६ हजार हा आकडा तू आजच डोक्यातून काढ. तो आकडा बाबांनी स्वतः तरी कधी बेरीज करून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

ठोक व्यापाऱ्याच्या माणसाला दहाव्याला यायचं काही कारण नव्हतं, तेवढी रीत बाजारपेठेत सगळ्यांना कळते. तरी त्याचं येणं खरं असेल तर ते द्यायचंच आहे. फक्त कसं द्यायचं ते समजून घे. त्याच्याकडून खातेउतारा आणि बिलं माग, दुकानातल्या बिलांच्या फाइलशी ताडून बघ. न फोडलेली पोती, न उघडलेले खोके परत घेतो का विचार. बहुतेक जण घेतात, ते त्यांच्याही सोयीचं असतं. वडिलांचं देणं वारसांनी फेडायचं ते वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. तुझ्या पगारातून किंवा आईच्या दागिन्यांतून ते वसूल करायचा कुणाला हक्क नाही. म्हणून आईने घाबरून कोऱ्या चेकवर किंवा "मी अमुक रक्कम देणे लागते" अशा कागदावर सही करू नये. तशी सही केली की ते देणं तिचं स्वतःचं होतं. आणि त्या व्यापाऱ्याने ह्या ४१ वर्षांत बाबांना अडीनडीला माल दिला असेल, तर हेही आईला ठाऊक असेल. तिला विचार, तो माणूस कसा आहे. मग ठरवा.

आता एक फार छोटी गोष्ट, पण आजच करायची. गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा स्टँड असेल आणि ते बोलणारं डबडं. ते बाबांच्या खात्याला जोडलेलं आहे. कुणी साबण घेऊन वीस रुपये पाठवले की "वीस रुपये प्राप्त" असं ते बोलेल आणि पैसे अशा खात्यात जातील की जे बँक मृत्यूचा दाखला मिळताच थांबवणार आहे. तो स्टँड आत ठेवून दे. आईच्या नावाने नवीन कोड घ्या. एका वाचक बाईंनी मला लिहिलं होतं की नवरा गेल्यावर महिनाभर ते यंत्र बोलत राहिलं आणि त्यांच्याने ते बंद करवेना. तुमच्याकडे तसं असेल तर ते आईने नको, तू बंद कर.

कागदपत्रं मी एका दमात सांगते, वहीत उतरवून घे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झालीच असेल. दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेव, सगळीकडे लागतात. बँकेत नॉमिनी कोण ते बघ. नॉमिनीला पैसे मिळतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने घेतो. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, तू आणि भाऊ तिघांचा सारखा वाटा. आजी हयात असेल तर तिचाही. जीएसटी क्रमांक बाबांच्या पॅनवर असतो, तो आईला वापरता येत नाही. तो वारसाने रद्द करून घ्यायचा, नाहीतर शून्याचं रिटर्न न भरल्याचंही विलंब शुल्क चढत राहतं. दुकान चालू ठेवायचं असेल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर मालाच्या व्यापाराला हा क्रमांक मुळात सक्तीचाच नाही. मात्र क्रमांक असताना खात्यात काही क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) शिल्लक असेल, तर रद्द करायच्या आधी कर सल्लागाराला विचारून घ्या, आईने नवीन क्रमांक घेतला तर ते तिकडे नेता येतं. फूड लायसन्स असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर ते घरच्यांसाठी ९० दिवस चालू राहतं, तेवढ्यात आईच्या नावे अर्ज करायचा. शॉप ॲक्टच्या नोंदीत मालक बदल्याचं कळवायचं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून घ्यावा लागतो, त्याची तारीख काट्याबरोबरच्या प्रमाणपत्रावर बघ. बाबांचं आयकराचं शेवटचं विवरणपत्र वारसाला भरावं लागेल.

जागेचं जरा नीट बघा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशी सोय आहे की दुकानाचा भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणारा घरातला माणूस भाडेकरू म्हणून पुढे चालू राहतो. हा कायदा तुमच्या गावाला लागू आहे का, ते तालुक्याच्या वकिलाला विचारा. असेल तर तुझी आई दुपारी गल्ल्यावर बसत होती ह्या गोष्टीला किती वजन आहे बघ. भाड्याच्या जुन्या पावत्या शोधून ठेव, ह्या महिन्याचं भाडं वेळेवर भरा आणि मालकाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर "नंतर वाचून देतो" एवढंच म्हणा.

आणि आई. तुम्ही दोघं भावंडं तिला दुकानात बसू द्यायचं की नाही, असं लिहिलं आहेस. 'बसू द्यायचं' हा शब्द तू परत एकदा वाच. साठी ओलांडलेल्या बाईला नाशिकला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर ती सकाळी सातला उठून काय करील? भाजी निवडील, टीव्ही लावील, आणि दर बाजाराच्या दिवशी तिच्या पोटात कालवेल. सगळ्याच बायकांना असं होतं असं नाही. काहींना सुटका वाटते आणि ती खरी असते. माझ्या मावशीने नवऱ्यामागे दुकान विकलं आणि पहिल्यांदा पोटभर झोपली. पण तुझी आई स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे, मी बसते. ते आधी ऐका.

तरी डोळे मिटून हो म्हणू नका. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं, ते ती उचलणार नाही. हाताखाली एक मुलगा लागेल, त्याचा पगार निघेल का ते कागदावर मांडा. बिस्किटं, साबण, शाम्पूच्या पुड्या ह्यांत दुकानदाराच्या हाती फार थोडं उरतं. सुट्ट्या मालात बरं सुटतं, डाळी, शेंगदाणे, गूळ, मसाले, पण त्याला पारख लागते. ती तिला आहे का? माझा अंदाज, तुमच्यापेक्षा जास्त आहे. बाबांसारखे चौदा तास नकोत. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी पाच ते आठ, बाजाराच्या दिवशी मात्र पूर्ण. शटरला तेल घाला, नाहीतर मोटर बसवा. मुदत संपलेला माल आधी काढून टाका. नवीन उधारी कुणाला द्यायची ते आईनेच ठरवावं, पण प्रत्येकाच्या सहीने आणि ठरावीक रकमेपर्यंत. लक्ष्मीपूजनाला वही पूजून पाडव्याला नव्या वहीत लिहायला सुरुवात होते. तिथपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत चालवून बघा. मग हिशेब मांडा. तिला थकवा आला तर ती स्वतःच सांगेल, आणि तेव्हा कुणी तिला हरलीस म्हणू नये. तोवर दुकानाचा माल आणि गल्ला तिच्या ताब्यात राहील, असं तुम्ही दोघांनी संमतिपत्र लिहून द्या. उद्या तुमच्या दोघांत काही वाजलं तर आईचं दुकान त्यात सापडू नये.

दर रविवारी तू बाबांना दुकान बंद करा म्हणायचीस. मीही अप्पांना म्हणायचे, आणि तुझ्यासारख्या काळजीने नाही. मैत्रिणींचे वडील ऑफिसात जायचे, माझे पाटावर बसायचे, बोटांना हळद लागलेली, ह्याची मला लाज वाटायची म्हणून म्हणायचे. तुझं म्हणणं निदान त्यांच्या गुडघ्यांसाठी होतं. त्यांनी ऐकलं नाही कारण दुकान बंद केल्यावर मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांना "काय मालक" म्हणणारं कोण होतं? घरात ते बाबा होते. चौकात ते मालक होते. तुझ्या दर रविवारच्या बोलण्याला त्यांनी दर सोमवारी शटर वर करून उत्तर दिलं, त्यात तुझ्यावर राग असेल असं मला वाटत नाही. ते फोन घ्यायचे ना दर रविवारी? दुकानात गिऱ्हाईक असतानाही?

वाया गेलं का, म्हणून विचारलंस. मी तुझ्या बाबांना ओळखत नव्हते, त्यामुळे तुला बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. माहीत आहे तेवढं लिहिते. ते दुकान सुरू झालं तेव्हा माल वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून सुतळी गुंडाळून द्यायचे. रॉकेलच्या रांगा होत्या. पुडी बांधताना एका हाताने सुतळी तोडायची ती झटक्याची लकब तुझ्या बाबांच्या हातात असणार, ती बघतच तू मोठी झालीस. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, तेव्हा गावात बँकेच्या रांगेत उभं राहायला वेळ नसलेल्या माणसाला मीठ-पीठ कुणी दिलं? पुढच्या जुलैत जीएसटी आला, ज्या माणसाने आयुष्यभर रोजमेळ हाताने लिहिला त्याला कॉम्प्युटरवाल्याच्या दारात बसावं लागलं. मग मोबाइलवर घरपोच सामान देणारे आले, हमरस्त्यावर मोठं मार्ट उघडलं. महिन्याचं रोख सामान लोक तिकडून आणायला लागले आणि महिनाअखेरचं उधार तुझ्या बाबांकडून. हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं आणि तरी ते द्यायचे. त्यातून तुम्ही दोघं शिकलात. पुण्याचं तुझं पहिल्या वर्षाचं भाडं कुठल्या गल्ल्यातून आलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पेन्शन नाही, हे खरं आहे आणि ते वाईट आहे. एवढी वर्षं गावाची चूल चालू ठेवणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाची कुणीच सोय केलेली नसते, त्याने स्वतःही नाही. त्याचा मला राग येतो. पण तो राग वेगळा, आणि आयुष्य वाया गेलं असं म्हणणं वेगळं. हे दोन्ही तू एकाच वाक्यात घातलेस म्हणून तुला लाज वाटली. सुटं कर.

लोखंडी वजनं, जुना पितळी तराजू, पाट, बाकडं ह्यांतलं काही भंगारात देऊ नका. वह्याही नाही. हिशेब संपला तरी त्या जपून ठेवा, कपाटात वरच्या खणात.

आणि तो म्हातारा. बाकड्यावर तासभर बसून न बोलता गेला तो. गावात अनोळखी माणूस तेराव्याला उगाच येत नाही. आजूबाजूच्या वाडीवरचा असेल, बाजाराला येणारा असेल. आईला विचार, केस कापणाऱ्याला विचार, शेजारच्या टपरीवर विचार. वही वाचताना कुठल्याशा पानावर तो सापडेलही, कदाचित नावाने नाही, "काठीवाला बाबा" असा. येत्या बाजाराच्या दिवशी बाकडं बाहेर काढून पुसून ठेव आणि चहा सांगून ठेव. तो परत आला तर त्याच्याशेजारी बस, आणि काय सांगितलं ते मला लिही.